काळा चहा आणि तेसोतला हापसा

कंपालाहून बस सुटली तेव्हा ह्यांनी कपड्यांची बॅग वरच्या फळीवर टाकली आणि पान्ह्यांची पिशवी मांडीवर घेतली. ह्यांची तीस वर्षं सोलापूर जिल्ह्यात हातपंप दुरुस्तीच्या पथकात गेली, माझी जवळजवळ तेवढीच आरोग्यसेविका म्हणून उपकेंद्रात. निवृत्तीनंतर एका स्वयंसेवी संस्थेनं विचारलं, युगांडात जाऊन गावकऱ्यांना हापसा दुरुस्त करायला आणि पाणी स्वच्छ ठेवायला शिकवाल का? पीतज्वराची लस टोचून घेतली, तिचं पिवळं कार्ड पासपोर्टला जोडलं आणि फेब्रुवारीत आम्ही बारा दिवसांसाठी निघालो.

जिंजाला नाईल ओलांडली. व्हिक्टोरिया सरोवरातून ती इथंच बाहेर पडते. १९४८ साली गांधीजींच्या अस्थींचा काही भाग या पाण्यात सोडला होता. मी बसमधूनच हात जोडले. म्बाले शहराजवळ उजव्या हाताला एल्गन पर्वत दिसू लागला. कुमी मागं पडलं आणि रस्ता सपाट झाला. आंब्याची झाडं, मधूनच उघडे कातळ, सावलीला बांधलेल्या बैलजोड्या. हा तेसो प्रदेश, सोरोटी हे त्याचं मुख्य शहर. आमचं गाव तिथून तासाभरावर होतं.

गावात शिरताच बायका म्हणाल्या, "योगा!" अतेसो भाषेत हा नमस्कार आहे. आभार मानायचे तर "एयालामा". संध्याकाळपर्यंत मी त्यांची "तोतो" झाले होते, हे "पापा". तोतो म्हणजे आई, पापा म्हणजे वडील. रात्री ताटात अताप आलं, नाचणी आणि कसावाच्या पिठाची घट्ट उकड. नाचणी मूळची पूर्व आफ्रिकेतल्या डोंगराळ भागातली, काही हजार वर्षांपूर्वी ती आपल्याकडं आली. पहिल्या घासाला मला माहेरची आठवण झाली.

हापसा दिसण्याआधी ह्यांना ऐकू आला. "साखळीला ग्रीस नाही," म्हणाले आणि चालण्याचा वेग वाढवला. आंब्याखाली वीस लिटरच्या पिवळ्या जेरीकॅनची रांग लागली होती आणि समोर उभा होता आमचाच इंडिया मार्क टू. युगांडानं त्याला यू-टू म्हणून आपलंसं केलं आहे.

या पंपाचं मूळ आपल्या मातीत आहे. पूर्वी बोअरवर ओतीव लोखंडाचे, एका कुटुंबापुरते पंप बसवत. गावभर माणसं हापसू लागली की ते मोडत. १९६० च्या दशकात जालन्याच्या मिशनमधून आणि पुढं सोलापुरातून पोलादी, मजबूत पंप तयार झाले. सोलापूर पंपाच्याच पायावर १९७० च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास कंपनी यांनी इंडिया मार्क टू घडवला. आराखडा सर्वांना खुला ठेवल्यामुळे तो देशोदेशी गेला. १९७२ च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आई खडी फोडायला जायची आणि मी घागर घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरायची. गावात हापसा आला तेव्हा माझं विहिरीत उतरणं थांबलं. तोच हापसा नाईलपलीकडं भेटला आणि माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी माझा वर्ग भरला. गावात आरोग्याचं काम करणाऱ्या स्वयंसेविका माझं इंग्रजी अतेसोत सांगत होत्या. हात धुण्याचा धडा मी घरून तयार करून नेला होता, पण तिथं बहुतेक संडासांशेजारी काठीला टांगलेलं छोटं कॅन होतं. पायानं दोरी दाबली की ते कलतं आणि हातावर पाण्याची धार पडते. ही युक्ती १९८० च्या दशकात झिंबाब्वेत निघाली. मी ती त्यांच्याकडूनच शिकले. मग मी दलदलीतल्या झऱ्याच्या पाण्याकडं वळले. "झऱ्याचं पाणी पिऊ नका, मुलांना जुलाब होतात, हापशाचंच प्या," असं तासभर सांगितलं. बायकांनी मान डोलावली आणि संध्याकाळी निम्म्याजणी झऱ्याकडेच गेल्या.

मला वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी एका म्हाताऱ्या बाईनं माझ्यापुढं चहाचा कप ठेवला. चहा शाईसारखा काळा होता. तिनं हापशाकडं बोट दाखवलं, मग आपला पांढरा फडका पसरला. त्याच्यावर तांबडे डाग होते. मी घोट घेतला. जिभेवर लोखंडाची चव आली.

मी तो कप तसाच ह्यांच्याकडं नेला. ह्यांनी शिकाऊ आठजणांना बोलावलं, पाच बायका आणि तीन पुरुष. आधी चाळीस दांडे मारून पाणी मोजलं. बारा लिटर यायला हवं, सात आलं. मग हापसा उघडला. मार्क टूमध्ये तळाचे वायसर बदलायचे तर सगळा पाईप वर काढावा लागतो. क्लॅम्प लावून तीन-तीन मीटरचे दहा पाईप एकेक करून वर आले. इथलं पाणी आम्लधर्मी. जस्ताचा मुलामा त्यानं खाल्ला होता आणि आतलं लोखंड पापुद्र्यांनी सुटत होतं. एका पाईपला आरपार भोक होतं. पाणी त्यातूनच परत खाली जात होतं. लोखंड चहातल्या तुरट द्रव्याशी मिसळलं की चहा काळा पडतो. बायका अडाणीपणानं झऱ्यावर जात नव्हत्या. त्यांना गंजाचं पाणी नको होतं.

त्या दिवसापासून आमचे दोन वर्ग एक झाले. पाणी समितीनं भुईमूग विकून जमवलेले पैसे पुढं केले, उरलेले संस्थेनं घातले आणि नवव्या दिवशी स्टेनलेस स्टीलचे पाईप आणि रॉड आले. ह्यांनी पाना हातात धरला नाही. पहिल्यांदा रॉड निसटता निसटता राहिला, तेव्हाही हे मागं हात बांधून फक्त सांगत राहिले. दहावा पाईप उतरला तेव्हा सूर्य मावळत होता.

पाणी चांगलं झाल्यावर माझं बोलणं ऐकलं जाऊ लागलं. जेरीकॅन आतून कसं घासायचं, कपाला दांडा का हवा. जुलाब लागलेल्या मुलाला आधी ओआरएसची पुडी, ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते ओतून पुन्हा करायचं. घरोघरचे चमचे लहानमोठे निघाले, म्हणून सोरोटीच्या बाजारातून एका मापाचे चहाचे चमचे आणून वाटले.

परदेशात सेवेसाठी जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं आहे. शिकवायला उभं राहण्याआधी त्या घरचा चहा प्या आणि लोक जे करतात ते का करतात, हे विचारा. आणि काम स्वतः करून देऊ नका. आपण परतणार असतो, हापसा तिथंच राहणार असतो.

जुलैत निरोप आला. हापशाचं पाणी कमी झालं होतं. त्या आठजणांनी दुसऱ्याच दिवशी पाईप काढले, वायसर बदलले आणि दुपारपर्यंत रांग पुन्हा लागली. सोबत त्या आजीच्या चहाचा फोटो होता. चहा तांबूस होता.