वाया गेलेल्या

आमच्या घरांत कामाठीपुऱ्याचे नाव मोठ्याने घ्यायची रीत नाही. पत्ता सांगायची वेळ आलीच, तर ‘नागपाड्याच्या अलीकडे’ म्हणून आपण सुटका करून घेतो. माझ्या आजीपाशी त्या वस्तीतल्या बायकांसाठी एकच शब्द होता : ‘वाया गेलेल्या’. त्यांना वाया घालवले कुणी, हे ती सांगत नसे. आणि विचारण्याची आमची छाती नव्हती.

हा प्रश्न मला पुन्हा भेटला तो पंडिता रमाबाईंच्या आत्मनिवेदनात. रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना आपले काम पाहायला लंडनमधल्या फुलहॅमला पाठवले. तिथे आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या काही बायका त्यांना भेटल्या. त्या स्वतःच एके काळी भगिनींच्या आश्रयगृहात आलेल्या होत्या! शास्त्रे मुखोद्गत असलेल्या रमाबाई चकित झाल्या. अशा स्त्रियांची ख्रिस्ती लोक एवढी काळजी का घेतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना येशू आणि विहिरीवर आलेली शोमरोनी बाई यांची गोष्ट वाचून दाखवली.

त्या गोष्टीतले मला फार आवडते ते हे, की येशू उपदेशाला आरंभ करण्यापूर्वी त्या बाईकडे प्यायला पाणी मागतो. मागणाऱ्याला आधी हे मानावे लागते, की समोरच्यापाशी देण्याजोगे काही आहे.

जोसेफिन बटलर या इंग्रज बाईंनी हेच केले. १८६४ साली त्यांची लहानगी मुलगी जिन्याच्या कठड्यावरून पडून वारली. पुढे लिव्हरपूलला आल्यावर त्या तिथल्या गरिबांच्या कामगृहात जाऊ लागल्या. जुन्या दोरखंडांचे धागे सोडवीत बसलेल्या बायकांशेजारी जमिनीवर बसून त्याही ते काम करू लागल्या. त्यांना ते जमेना, बायका हसल्या; आणि त्या हसण्यातून मैत्री झाली. लष्कराच्या सोयीसाठी वेश्यांची सक्तीने तपासणी करणारे आणि पुरुषाला मोकळा सोडणारे कायदे विलायतेत होते. ते १८८६ साली रद्द झाले, त्यामागे याच बाईंची सतरा वर्षांची झुंज होती. हिंदुस्थानातला १८६८ सालचा तसाच कायदा १८८८ साली गेला.

रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्तिसदनाच्या जोडीने अशा स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ काढले. फुलहॅमला पेरलेले बी पुणे जिल्ह्यात उगवले ते असे.

अशा सदनांत शिस्त होती, प्रार्थना होती, नव्या धर्माची ओढही होती. ती सगळ्याच जणींना मानवली असेल, असे मी म्हणणार नाही. शिवाय ‘कृपा’ या शब्दाशी मी थोडा अडखळतोच. कृपा करणारा वरच्या पायरीवर उभा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली पोलिसांना बजावले, की या स्त्रियांशीही मानाने वागले पाहिजे, तो त्यांचा हक्क आहे. हे कृपेच्या पुढचे पाऊल झाले.

परंतु घरातली भाषा बदलण्याचे काम कोर्टाचे नव्हे, ते तुमचे-आमचे. आपल्या मराठीत त्या बाईला ‘पतिता’ म्हणतात, आणि तिचा जिना चढून जाणाऱ्या गृहस्थाला मात्र ‘गृहस्थ’च म्हणतात!