ट्रॅप म्हणजे फसवणे नव्हे

आमची धाकटी यंदा अकरावीला. परवा रात्री जेवणे झाल्यावर तिने विचारले, "बाबा, ट्रॅप आणि एन्ट्रॅप यांत फरक काय?"

ट्रॅप हा शब्द आम्हाला पारनेरच्या एस.टी. स्टँडवरच्या गप्पांतून ठाऊक. 'अमका साहेब ट्रॅप झाला', म्हणजे लाच घेताना पकडला गेला. एन्ट्रॅपसाठी मात्र शेजारच्या गुरुजींना विचारावे लागले. ते म्हणाले, "मनात गुन्हा नसलेल्याला भरीस घालून तो करायला लावणे, मग पकडणे, हे एन्ट्रॅप. स्वतःहून मागणाऱ्याला मागताना-घेताना पकडणे, हा ट्रॅप."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. गेल्या वर्षी तिच्या जातीच्या दाखल्यासाठी एका कचेरीत पाचशे रुपये मागितले होते. प्रवेशाची मुदत जवळ आलेली. तक्रारीचा विचार मनात आला. पण वाटले, नोटा देऊन माणसाला अडकवायचे म्हणजे त्याला फसवणेच. त्यालाही लेकरेबाळे असतील. आम्ही मुकाट्याने पैसे दिले.

वाचकहो, फसवण्याचा प्रश्नच नव्हता. मागणी त्याची होती. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग तक्रार आल्यावर आधी पंचासमक्ष मागणीची खात्री करतो. मग नोटांना फिनॉल्फ्थॅलीनची पूड लावतात. नोटा घेणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. नुसत्या गुलाबी पाण्यावरही भागत नाही. पैसे मागितले होते, हे कोर्टात सिद्ध व्हावे लागते.

उलट अडकलो आम्हीच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने दिली असेल, तर सात दिवसांत कळवणाऱ्याला कायदा सोडतो. आधीच कळवून, विभागाच्या सांगण्यावरून नोटा देणाऱ्यालाही गुन्हा लागत नाही. आमचे सात दिवस केव्हाच उलटले.

मुलीला सारे सांगितले. ती म्हणाली, "दाखला माझ्या नावाचा, आणि पैसे दिलेले मलाच माहीत नाही?"

आम्हाला उत्तर देता आले नाही.

बारावीनंतर जात पडताळणीची फाईल करायची आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरावर, गॅसच्या नंबराखाली, तिने मोठ्या आकड्यांत लिहून ठेवले आहे : १०६४. या वेळी कचेरीत ती स्वतः आमच्याबरोबर येणार आहे.