सागरकिनाऱ्यावरचे विश्रांतिगृह आणि एक बाक

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलिना राज्यात, चार्ल्सटन शहराजवळ आयल ऑफ पाम्स हे लांबट बेट आहे. अटलांटिकच्या लाटा, सपाट वाळू आणि ताडाच्या जातीची पाल्मेटो झाडे. याच किनाऱ्यावर ‘द सिटाडेल’ या राज्याच्या सैनिकी कॉलेजचे विश्रांतिगृह आहे.

त्याची गरज का पडते, हे कॉलेजची शिस्त पाहिली की कळते. पहिल्या वर्षाच्या मुलांचे केस इतके बारीक कापतात की डोके दाराच्या गोल मुठीसारखे दिसते. म्हणून त्यांना ‘नॉब’ म्हणतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत हुकूम आणि कवायत. अशा मुलांना समुद्राचा वारा म्हणजे मोठा दिलासा. माजी विद्यार्थीही येथे कुटुंबासह येतात. १९८९ च्या सप्टेंबरात ह्यूगो चक्रीवादळाने या बेटाची दैना केली होती. आज किनारा पुन्हा गजबजलेला आहे.

पण हे कॉलेज जन्मले ते भीतीतून. १८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसी या मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयावर गुलामांच्या उठावाचा कट रचल्याचा आरोप झाला. त्याच्यासह ३५ जणांना फाशी दिली गेली. त्यानंतर शहराच्या रक्षणासाठी शस्त्रागार उभे राहिले आणि तेथेच १८४२ मध्ये हे कॉलेज सुरू झाले. पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी येथून पदवीधर झाला तो १९७० मध्ये, पहिली मुलगी १९९९ मध्ये. २०१६ मध्ये प्रवेश मिळालेल्या एका मुस्लिम मुलीने गणवेशासोबत हिजाबची परवानगी मागितली. सर्वांचा गणवेश एकसारखाच हवा, असे सांगून कॉलेजने ती नाकारली. व्हर्मांट राज्यातील नॉर्विच या दुसऱ्या सैनिकी विद्यापीठाने मात्र परवानगी दिली आणि ती तेथे शिकायला गेली.

विश्रांतिगृहापासून किनाऱ्याने पुढे गेलो की ब्रीच इनलेटचा पूल लागतो. पलीकडे सलिव्हन्स आयलंड. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना अठराव्या शतकात शहरात विकण्याआधी येथे रोगाच्या भीतीने अडकवून ठेवत. त्यांच्या आठवणीसाठी बसायला साधा बाकही कोठे नाही, अशी खंत लेखिका टोनी मॉरिसन यांनी १९८९ मध्ये बोलून दाखवली होती. २००८ मध्ये येथे खरोखरच काळ्या पोलादाचा एक बाक बसवला गेला.

आम्ही त्यावर बसलो तेव्हा उमर इब्न सईद यांची आठवण झाली. सेनेगल नदीकाठच्या फुता तोरो प्रदेशातील हे आलिम. पंचवीस वर्षे इल्म मिळवले आणि १८०७ मध्ये गुलाम म्हणून चार्ल्सटनच्या बंदरात उतरवले गेले. मालकाच्या जुलमाने पळाले, पकडले गेले, तर कोठडीच्या भिंतींवर कोळशाने अरबी लिहू लागले. १८३१ मध्ये अरबीतच आत्मकथा लिहिली. तिची सुरुवात सूरह अल-मुल्कने होते. मृत्यू आला तो गुलामीतच. ती आत्मकथा आज अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात आहे.

विश्रांतिगृह कॉलेजच्या माणसांचे आहे आणि थकलेल्यांना विसावा हवाच. बाक मात्र कोणाचेही नाव, गणवेश वा डोक्यावरचे वस्त्र पाहत नाही. मुलांना घेऊन त्या बाजूला जाणाऱ्यांनी समुद्र जरूर पाहावा, पण पूल ओलांडून येथेही थोडा वेळ बसावे. ज्यांची नावेही उरली नाहीत, त्यांच्यासाठी आम्ही येथे दुआ केली.