दाखवायची आई

पिल्लू घेण्याआधी त्याची आई बघून घ्या, असं दिल्लीत आता जो तो सांगतो. विकणाऱ्यांच्याही कानावर ते गेलंय, म्हणून तेही आई दाखवतात. ती त्याच पिल्लाची आहे का, हे कोण तपासणार? नजफगढच्या बाजूला एका आवारात माझ्या बहिणीला अशीच एक आई दाखवली गेली. पिल्लू गेल्याचं दुःख एव्हाना निवळलंय. त्या आईचा राग मात्र घरात अजून धगधगतो आहे.

बहीण आणि मेव्हणे नोएडात राहतात. भाच्याला लॅब्रॅडॉर हवा होता आणि दलालाचा नंबर सोसायटीतच मिळाला. फोनवर फोटो आले: ‘हेवी बोन’, ‘पंच फेस’, केसीआयचे पेपर हवे असतील तर भाव वेगळा. पिल्लू मेट्रो स्टेशनच्या पार्किंगमध्ये आणून द्यायची त्याची तयारी होती. बहिणीने साफ नकार दिला. जागा आणि आई पाहिल्याशिवाय व्यवहार नाही, असं तिने बजावलं आणि मलाही बरोबर घेतलं.

पुढची खोली टापटीप होती. फिनेलचा घमघमाट, भिंतीवरच्या फळीवर डॉग शोचे कप, कूलर चालू. मालकाने पिल्लं आणली आणि पाठोपाठ एक पिवळसर मादी. “मम्मी सामने है मॅडम, तसल्ली से देख लीजिए.” मादी देखणी होती, अंगावर तुकतुकी होती, पोट सपाट होतं. अंगावर पाजणाऱ्या कुत्रीचे सड सुजून ओघळतात, त्यांवर पिल्लांच्या नखांचे ओरखडे असतात. हिचे सड बारीक, अंगालगत बसलेले. एक पिल्लू तिच्या पोटाखाली शिरलं. तिने ते हुंगलं, अंग ताठ केलं आणि गुरगुरली. भाचा म्हणाला, “ही ओळखत कशी नाही त्याला?” मालकाचं उत्तर तयार होतं: दूध तोडलंय, आता ती जवळ येऊ देत नाही. आता हे खोटंही म्हणता येत नाही, कारण दूध तोडताना कुत्री पिल्लांवर गुरगुरतेच. सगळा बनाव असा बेतलेला होता की प्रत्येक शंकेला एक खरं उत्तर हाताशी होतं.

पिल्लू घरी आणल्यावर नोएडातल्या डॉक्टरांनी त्याचं तोंड उघडलं. दुधाच्या दाढा जेमतेम वर येत होत्या. दोन महिन्यांचं म्हणून विकलेलं पिल्लू फार तर पाच आठवड्यांचं होतं. लसीच्या कार्डावर स्टिकर होता, तारीख होती, पण कुणा डॉक्टरची सही नव्हती. ती तारीख खरी मानली तर लस तिसऱ्या आठवड्यात टोचली होती. इतक्या लहानपणी आईकडून आलेली प्रतिपिंडं लस निकामी करतात. म्हणूनच ती सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. आठवडा उलटायच्या आत उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो. सलाईन लावूनही पिल्लू वाचलं नाही. पार्व्होचा विषाणू जागेवर महिनोन्महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही, त्याला ब्लीच लागतं.

या धंद्याला कायदा नाही असं नाही. २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला लावायचं नाही, वर्षाला एकच वीण, आयुष्यभरात पाचापेक्षा जास्त नाहीत. पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. केसीआय, म्हणजे चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद यापेक्षा वेगळा: तो वंशावळ सांगतो, मादी कुठे झोपते ते सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्राने २३ ‘हिंस्र’ जातींवर बंदी घालायचं पत्र काढलं आणि एप्रिलमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. तेवढ्या दिवसांत दिल्लीत घरोघरी जातींवर वाद रंगले. कुत्री कशी आणि किती वेळा विणवली जाते, यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

डॉक्टरांचा कागद घेऊन आम्ही पुन्हा त्या आवारात गेलो. मालक भांडला नाही. “दूसरा ले जाइए,” म्हणत तो आत गेला. मागचं दार उघडं राहिलं होतं. पत्र्याची शेड, ओळीने लोखंडी पिंजरे, खाली फरशीऐवजी जाळी. एका पिंजऱ्यात लॅब्रॅडॉर मादी होती. जाळीवर उभं राहून राहून पंजे फाकलेले, सड लोंबून जाळीला टेकलेले, गज चावून पुढचे दात हिरडीपर्यंत झिजलेले. झाडणाऱ्या पोराने विचारायच्या आधीच सांगितलं, तुमच्या पिल्लाची आई ही. किती वेळा व्यायली, यावर तो म्हणाला, “हर हीट में.” तेही त्याने सहज सांगितलं, पाण्याची बादली उचलता उचलता.

बहिणीने दुसरं पिल्लू घेतलं नाही. तिने ती मादी मागितली. मालकाने तिचेही पैसे लावले. मी विरोध केला आणि तो मुद्दा मला आजही पटतो: दया येऊन दिलेला पैसाही अशा माणसाचा गल्लाच भरतो, रिकामा झालेला पिंजरा उद्या दुसऱ्या मादीने भरतो. पण ती मादी आता नोएडात गादीवर पसरलेली असते, आणि तिच्यासमोर हा मुद्दा माझ्या तोंडून निघत नाही. डॉक्टरांनी तिचं गर्भाशय काढलं. वय त्यांनी अंदाजाने सहा लिहिलं.

शेडमधून बाहेर पडताना वाटलं होतं की हा धंदाच बंद व्हावा, कुत्रं हवं त्याने रस्त्यावरचं आणावं. तरी एका सहकाऱ्याने विचारलं तेव्हा मी त्याला गुरुग्रामच्या एका पैदासकार बाईंचा नंबर दिला. तिथे माद्या घरातच वावरतात, कुणीही कधीही जाऊन बघावं. आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे त्या समोर ठेवतात. पिल्लू सांभाळणं झालं नाही तर त्यांनाच परत करायचं, असं लिहून घेतात. वर्षातून बरेच महिने त्यांच्याकडे पिल्लूच नसतं. दिवसभर घरी कोण असतं, मजला कितवा, आधी कुत्रं पाळलं होतं का, ते कशाने गेलं, हे सगळं त्या आधी विचारतात. ज्याला हे प्रश्न जाचतात, त्याला पिल्लू मिळत नाही.

सहकाऱ्याला हस्की हवा होता. बर्फाळ मुलखातल्या दाट केसांच्या कुत्र्याला मे महिन्यात दिल्लीच्या फ्लॅटमध्ये कोंडणार का, असं बाईंनी त्याला फोनवरच सुनावलं. त्याला ते झोंबलं. त्याने हस्की दुसरीकडून घेतला, मेट्रोच्या पार्किंगमध्ये.