मूळ गाव

मुंबईत राहणाऱ्या माणसाला त्याचे गाव विचारले, तर तो सहसा मुंबईचे नाव सांगत नाही. कोणी कोकणातले एखादे खेडे सांगतो, कोणी घाटावरचे. कोणाचे गाव गुजरातेत असते, तर कोणाचे गंगेच्या काठी. पोटासाठी दूरदूरहून आलेल्या माणसांनी ही नगरी वसवली, असे आपण म्हणतो आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु या महानगरात अशीही माणसे आहेत, की जी शहरात कधी आलीच नाहीत. ती आपल्या जागीच राहिली. शहरच वाढत वाढत त्यांच्या अंगणापर्यंत आले.

गोरेगावच्या पूर्वेस आरे नावाचा हिरवा प्रदेश आहे. त्याला लागूनच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे १०० चौरस किलोमीटरचे अरण्य पसरले आहे. या परिसरात वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा आदिवासी जमातींचे लहान लहान पाडे आहेत. १९४९ साली आरे येथे सरकारी दुग्ध वसाहत उभी राहू लागली. म्हशींचे गोठे आले, गवताची कुरणे आली. मागाहून १९७७ साली चित्रनगरी आली. पाडे मात्र त्या सर्वांच्या आधीपासून तेथे होते.

मी त्या बाजूच्या एका शाळेत शिक्षक असताना पाड्यांवरची काही मुले पायी चालत शाळेत येत. एकदा प्रवेशाच्या वेळी कारकुनाने एका मुलाला विचारले, "मूळ गाव?"

"आरे," मुलगा म्हणाला.

"अरे, तो राहण्याचा पत्ता झाला. मूळ गाव सांग."

मुलाने क्षणभर विचार केला आणि तेच उत्तर पुन्हा दिले. त्याचे म्हणणे अगदी खरे होते. परंतु स्वतः मुंबईत जन्मलेल्या त्या कारकुनाला ते काही केल्या पटेना.

या मुलांचे ज्ञान पाहून मी कित्येकदा थक्क होत असे. पहिल्या पावसाबरोबर शेवळे जमिनीतून वर येते, ते घशाला खाजते आणि म्हणून त्यात काकडाची आंबट फळे घालतात, हे मला त्यांनीच सांगितले. टाकळा कोवळा केव्हा खुडावा, करटोलीचा वेल कोठे सापडतो, हे त्यांना तोंडपाठ असे. त्यांच्या आया याच रानभाज्या टोपलीत घेऊन बाजारात बसत. या रानात बिबळ्याही फिरतो. वारली लोक वाघोबाला देव मानतात आणि वाघबारशीला त्याची पूजा करतात. अंधारात लहान मुलांना एकटे सोडू नये, हे शहाणपणही ते पूजेइतक्याच निष्ठेने पाळतात.

वारली चित्रकला तर तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती पांढरी माणसे, तो तारप्याभोवती फिरणारा नाच कोणी पाहिला नाही? लग्नाच्या घरी सुवासिनी भिंतीवर चौक लिहीत, त्यातून ही कला आली. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर पोहोचवली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आज साड्यांवर, कपबश्यांवर, मोठमोठ्या हॉटेलांच्या भिंतींवर ही चित्रे दिसतात. चित्राचे एवढे कौतुक करणाऱ्या शहरातच अनेक पाड्यांना मात्र विजेची आणि नळाच्या पाण्याची वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली.

पुढे शहराला भुयारी मेट्रो हवी झाली. तिच्या आगारासाठी आरेतील काही आदिवासी कुटुंबांना उंच इमारतींत हलवण्यात आले आणि २०१९ च्या ऑक्टोबरात २,००० हून अधिक झाडे तोडली गेली. शहराला वाहने हवीत, हे कोणी नाकारणार नाही. मीही त्या मेट्रोने प्रवास करतो. परंतु अशाच एका इमारतीत मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईला भेटलो, तेव्हा तिने खिडकीत तेलाच्या डब्यात माठ लावलेला होता. ती म्हणाली, "गुरुजी, घर पक्कं आहे, नळाला पाणी आहे. पण नातवाला शेवळं दाखवायचं, तर कुठं दाखवू?" या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले आहेत. तथापि ते मिळवायला पुरावे लागतात. ज्यांच्या वाडवडिलांनी जमीन कसली, पण कधी कागद केला नाही, त्यांना पुरावे गोळा करणे फार अवघड जाते. २०२० साली आरेतील सुमारे ८०० एकर जमीन वनासाठी राखून ठेवण्याचा निर्णय शासनाने जाहीर केला. रान राखायचे, तर त्या रानाला नावानिशी ओळखणारी माणसेही तेथे सन्मानाने राहिली पाहिजेत.

मुलांनो, तुमच्या वर्गातील एखादा सोबती कधी म्हणाला, "माझे गाव हेच," तर त्याला हसू नका. त्याच्याबरोबर एक दिवस बाहेर पडा आणि वाटेवरच्या झाडांची नावे त्याला विचारा.