गाडीनं श्वास कुठून घ्यायचा?

‘हवा’ हा शब्द माझ्या दोन्ही वर्गांत चालतो. उर्दूत कुणी हवा बांधतो, म्हणजे नसलेला रुबाब उभा करतो. मराठीत हवा डोक्यात जाते. यंदा सोलापूरच्या उन्हाळ्यात ती माझ्या भाच्याच्या डोक्यातून थेट गाडीच्या बॉनेटखाली गेली.

त्याला पहिली नोकरी लागलीय. पगारातले नऊ हजार बाजूला काढून त्यानं ‘कोल्ड एअर इनटेक’ मागवला. एक चकचकीत पाइप, एक शंकूसारखा उघडा फिल्टर, दोन-चार क्लॅम्प. गाडी म्हणजे घरातली बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक. तीच आठवड्यातून दोनदा दुलाभाईंना डायलिसिसला नेते. म्हणून आपाचा मला फोन आला, “तू मास्टर है ना, समझा इसको.”

समजावण्याआधी समजून घ्यावं, म्हणून मी त्याच्याबरोबर गॅरेजात गेलो. उस्तादांनी काम थांबवून नीट सांगितलं. पेट्रोल गाडीत आपण पायानं अ‍ॅक्सिलरेटर दाबतो तेव्हा पेट्रोलची नाही, हवेची वाट उघडते. किती हवा आली ते सेन्सर सांगतो आणि कॉम्प्युटर त्या मानानं पेट्रोल सोडतो. एक भाग पेट्रोलला वजनानं साधारण 14.7 भाग हवा लागते. थंड हवा दाट असते, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावते. ‘कोल्ड’ म्हणजे बर्फावरची हवा नव्हे. इंजिनाच्या धगीपासून लांबची, बाहेरची हवा.

मी वहीत गणित मांडलं. 40 अंशांची हवा 60 अंशांपर्यंत तापली, तर तिची घनता सुमारे सहा टक्क्यांनी घटते. म्हणजे सगळा खेळ हवा कुठून घेतो यावर आहे. कंपनीच्या काळ्या प्लॅस्टिकच्या डब्याची नळी पुढे जाळीजवळ उघडत होती, म्हणजे ती आधीपासूनच बाहेरची हवा घेत होती. नवा फिल्टर मात्र बॉनेटच्या आत, तापल्या इंजिनाशेजारी बसणार होता.

भाचा म्हणाला, “पण मामू, उघडा फिल्टर जास्त हवा ओढतो.” त्याचंही खरं होतं. थ्रॉटल पूर्ण उघडं असताना, तीन हजार आरपीएमला, हे इंजिन मिनिटाला जास्तीत जास्त अठराशे लिटर हवा ओढेल. पण सात रस्त्याच्या गर्दीत थ्रॉटल जेमतेम उघडं असतं. दारच किलकिलं असेल, तर अंगण मोठं करून काय उपयोग?

तरी आम्ही इनटेक बसवला. पैसे त्याचे होते आणि नुसत्या उपदेशानं मुलं ऐकत नाहीत, हे वर्गात रोज पाहतो. डबा सोडवून पाइप जोडला, सेन्सर नव्या जागी बसवला, क्लॅम्प आवळले. मग स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ओबीडीचा छोटा डोंगल लावून मोबाइलवर आत जाणाऱ्या हवेचं तापमान पाहत निघालो. आवाज खरंच भारी झाला होता. पण सिग्नलला थांबलो की आकडा चढायचा आणि साठाच्या पुढे जायचा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच रस्त्यानं, जुना डबा लावून गेलो. आकडा पन्नाशीच्या आतच राहिला. भाचा गप्प होता. मीही काही बोललो नाही.

उस्तादांनी दुसरा उपाय सांगितला : पाइप लांबवून फिल्टर खाली, बंपरमागे न्यायचा. तिथं हवा खरोखर थंड मिळते. पण दवाखान्याच्या वाटेवर रेल्वेचा बोगदा आहे आणि पावसाळ्यात त्यात गुडघाभर पाणी साचतं. फिल्टर पाण्यात बुडाला, तर इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. आणि विम्याचे पैसे मिळाले, तरी बोगद्यात अडकलेल्या माणसाचं डायलिसिस थांबतंच.

हे ऐकल्यावर भाच्यानं स्वतःच पाना उचलला. जुना डबा परत बसला, आत नवा कागदी फिल्टर टाकला. जुना फिल्टर काढला तेव्हा त्यातून मूठभर धूळ निघाली. गाडीचा पिकअप खाल्ला होता, तो तिनं.

इनटेक त्यानं अर्ध्या किमतीत एका मित्राला विकला. देताना मोबाइलवरचे दोन्ही दिवसांचे आकडे त्याला दाखवले आणि पावसाळ्यात तो खाली बसवू नकोस, असंही बजावलं. त्या पैशांत थोडी भर घालून मागचे दोन टायर बदलले. दुलाभाईंना इनटेकचं काही माहीत नाही. गाडी आता कमी हादरते, एवढंच ते म्हणाले.