बरणीतली अळी

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी बाबा वावरातून पऱ्हाटीचं एक पान तोडून घरी घेऊन आले. पान उलटं करून माझ्यापुढे धरलं. "हे पाय बरं. काय हाय हे?"

पानामागे मावा चिकटलेला होता. तो मलाही ओळखता येतो. पण त्या माव्यातून एक काळपट जीव फिरत होता. जेमतेम सेंटिमीटरभर लांब, पुढच्या अंगाला सहा पाय, पाठीवर पिवळट-पांढरे डाग, मागे निमुळता. चिमुकली मगरच जणू.

"नवीन अळी हाय," बाबा म्हणाले. "साऱ्या वावरात झाली. उद्या फवारा मारून टाकतो."

'नवीन अळी' हा शब्द आमच्या घरात कोणी हसण्यावारी नेत नाही. 2002 मध्ये बीटी कापूस आला तेव्हा बोंडअळीची कटकट कायमची मिटली असंच सगळ्यांना वाटलं होतं. पुढे गुलाबी बोंडअळी त्यालाही पुरून उरली. ती बोंडाच्या आत राहते, बाहेरून झाड हिरवंगार दिसतं. 2017 च्या हंगामात बोंडं फोडून पाहिली तेव्हा आत सरकी पोखरलेली. मग 2018 मध्ये कर्नाटकात मक्यावर अमेरिकन लष्करी अळी पहिल्यांदा सापडली आणि बघता बघता आपल्याकडेही पोचली. त्यामुळे अनोळखी अळी दिसली की बाबांचा हात आधी औषधाकडे जातो. त्यात मला वेडेपणा वाटत नाही.

पण 'फवारा' हा शब्दही तसा साधा राहिलेला नाही. त्याच 2017 मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसं गेली. शेकडो दवाखान्यात भरती झाली. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, हवा दमट होती आणि लोक दोन-तीन औषधं एकत्र मिसळून, तोंडाला फक्त दुपट्टा बांधून मारत होते. मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होतो, होस्टेलच्या टीव्हीवर आपल्या जिल्ह्याचं नाव ऐकत होतो. आमच्या गल्लीतला एक जण रोजानं फवारणीला जायचा. एका संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, मले दिसत नाई. तो वाचला. पण त्यानंतर त्यानं पाठीवर पंप घेतला नाही. उद्या आमच्या वावरात फवारायला येणार होता तो त्याचा धाकटा भाऊ.

म्हणून मी फोन काढला.

पहिला फोटो हलला. ॲपनं त्याला बेधडक कुठल्यातरी पतंगाचं सुरवंट म्हटलं. हा माझ्याच धंद्यातला दोष आहे. अशा मॉडेलला ठरावीक नावांच्या यादीत संभाव्यता वाटून द्यायची असते. "मला माहीत नाही" हे उत्तर आपण मुद्दाम शिकवलं नाही तर त्याला देता येत नाही. दुसरा फोटो पान उन्हात धरून, हात भिंतीला टेकवून काढला. आता उत्तर आलं ढालकिड्यांच्या कुळाचं.

बाबांना सांगितलं तर ते हसले. "ढालकिडा मले मालूम नाई काय? तो लाल, गोल असते. त्याचा अन् ह्याचा काय संबंध?"

कुळ कळून माझंही समाधान झालं नव्हतं. वांग्याच्या पानांची चाळण करणारा ठिपकेदार भुंगा याच कुळातला आहे. म्हणजे आडनाव सारखं असून भागत नाही. शेवटी फोटो आयनॅचरलिस्टवर टाकला. अमेरिकेतल्या बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी 2008 मध्ये प्रकल्प म्हणून सुरू केलेली ही साइट. तिथे मशीन सुचवतं, पण नाव पक्कं व्हायला माणसांची सहमती लागते. रात्री कोणीतरी अनोळखी माणसानं लिहिलं: चेलोमेनस सेक्समॅक्युलाटा, सहा ठिपक्यांचा ढालकिडा, ही त्याची अळी, मावा खाते.

बाबांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. अळीकडे पाहत म्हणाले, "पुरावा दे."

मग लोणच्याची रिकामी बरणी धुऊन पुसली, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि आत अळी सोडली. संध्याकाळी पानावर तीस मावे मोजून ठेवले. मोजायला बाबाच बसले, चष्मा लावून. सकाळी चार उरले होते. पानाला कुठे खाल्ल्याची खूणसुद्धा नव्हती. त्यांनी काही न बोलता फवारणीवाल्याला फोन लावला. "चार दिवस थांब रे." पण नाल्याकडचा पट्टा त्यांनी राखून ठेवला होता. तिथे तुडतुडे जास्त आहेत, तो मारावाच लागेल, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही. मास्क आणि हातमोजे तेवढे घाटंजीहून आणून दिले.

तिसऱ्या दिवशी अळी खायची थांबली. शेपटीकडून बरणीच्या भिंतीला चिकटली, आकसली, तिचा कोष झाला. आईला वाटलं मेली. मला तिथूनच ऑफिसच्या कॉलवर बसायचं होतं, तर बरणी लॅपटॉपशेजारी ठेवली. सातव्या दिवशी पहाटे आईनं उठवलं.

कोष फुटला होता. बाहेर आलेला किडा गोल होता, पण फिकट पिवळा. एकही ठिपका नाही. बाबा म्हणाले, "फसला तुहा मोबाइल." मीही गडबडलो. चहा झाला, तरी कोणी बरणीपासून हललं नाही. हळूहळू पाठीवर राखाडी रेघा उमटायला लागल्या, फोटो धुताना उमटतात तशा. रंग गडद झाला, रेघा काळ्या झाल्या आणि ऊन अंगणात येईपर्यंत बाबांचा ओळखीचा ढालकिडा समोर होता.

"एवढी वर्षं," बाबा म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. बरणी घेऊन वावराकडे गेले.

मी पुण्याला परतल्यावर आठवडाभरानं त्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. पानामागे पिवळ्या अंड्यांचा झुपका, उभी लावलेली, फोटो हललेला. खाली लिहिलं होतं, हे कोनाचे? मी झूम करून पाहिलं. ढालकिड्याची असू शकत होती, दुसऱ्या कुणाचीही असू शकत होती. फोन लावून म्हटलं, बरणी धुतलेली आहे ना?